जबाबदार व्यक्तीचा नंबर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या बस कंपनीच्या संस्थापक, ज्यांना आपण सगळे नुसतं ‘मोठ्या बाई’ म्हणतो त्या मोठ्या बाई, प्रमुख पाहुणे, आपल्या बँकेचे शाखाधिकारी, माझ्याबद्दल आत्ताच इतकं सुंदर बोललेले व्यवस्थापक साहेब, कार्यालयातील सहकारी, आणि गाड्या लावून गणवेशातच थेट सभागृहात आलेल्या चालक-वाहक मित्रमैत्रिणींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

साहेबांनी माझ्या कामाचा गौरव केला. तो त्यांनी माझ्या मागच्या निरोप समारंभातही केला होता. शब्दही साधारण हेच होते. हसा, हसा. एकाच नोकरीतून दोनदा निरोप मिळण्याचं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. आजचा निरोप तरी खरा ठरावा एवढीच माझी इच्छा आहे. तो खरा का ठरत नाही, हे आपल्याला नीट समजावून सांगण्यासाठी मी उभी आहे. मी मुळात शिक्षिका. समजावून सांगू लागले की मला आवरावं लागतं, याची अध्यक्षांनी नोंद घ्यावी.

आपल्या संकेतस्थळावर प्रवासी जागा निवडतो आणि ‘मोबाइलवरून पैसे भरा’ हे बटण दाबतो. त्याचे पैसे कुठे असतात? मोबाइल कंपनीकडच्या त्याच्या खात्यात. मग आपला सर्व्हर काय करतो? तो मोबाइल कंपनीच्या एका खिडकीशी जाऊन उभा राहतो. या खिडकीलाच आम्ही संगणकवाली मंडळी एपीआय म्हणतो. शब्दाला घाबरू नका, खिडकीच ती. फक्त तिच्यामागे माणूस बसलेला नाही, त्यामुळे ओळख काढून किंवा गोड बोलून उपयोग नसतो. आपण चिठ्ठी सरकवायची: या नंबरच्या प्रवाशाकडे एवढी रक्कम मागा, आणि हा त्या मागणीचा क्रमांक. पलीकडून तत्काळ उत्तर येतं, ‘स्वीकारलं.’

आता मला सांगा, ‘स्वीकारलं’ म्हणजे पैसे मिळाले का?

मागच्या रांगेतल्या माना बरोबर हलल्या. नाही मिळाले! फक्त मागणी पोचली. माझ्याआधी ज्या बाहेरच्या तज्ज्ञांनी ही जोडणी केली होती, त्यांनी ‘स्वीकारलं’ शब्द वाचला आणि तिकीट देऊन टाकलं. आपल्या ज्या वाहक भगिनींना सगळे ‘फौजदार’ म्हणतात, त्यांच्या गाडीतला संवाद मी स्वतः ऐकलेला आहे. त्यांनी प्रवाशाला विचारलं, “पैसे भरले?” तो म्हणाला, “बटण दाबलं की!” फौजदारबाई म्हणाल्या, “असं? मग मीही आता दाराचं बटण दाबते. उतरा खाली.”

खरं काय घडतं? मागणी स्वीकारल्यावर प्रवाशाच्या फोनवर प्रश्न उमटतो: द्यायचे का पैसे? तो आपला गुप्त आकडा टाकतो. मग मोबाइल कंपनी पैसे कापते आणि स्वतः आपल्या दाराशी येऊन निरोप देते: मिळाले, किंवा नाही मिळाले. हा निरोप कधी दोनदा येतो, म्हणून आपण दोन जागा द्यायच्या नसतात. आधी क्रमांक ताडून पाहायचा. कधी तो येतच नाही. मग आपणच खिडकीशी जाऊन विचारायचं, त्या मागणीचं पुढे काय झालं? किती सुंदर रचना आहे पाहा! कोणी कोणावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, आणि तरीही व्यवहार पुरा होतो. अनेक संसारांना हे साधत नाही.

तर मागणी आणि निरोप यांच्या मधल्या व्यवहाराला आपण ‘वाटेतला व्यवहार’ म्हणू. प्रवाशाने काहीच उत्तर दिलं नाही, तर दहा मिनिटांनी तो आपोआप रद्द होतो. माझी सगळी गोष्ट या वाटेतल्या व्यवहारांत अडकलेली आहे.

मोबाइल कंपनीकडे आपलं खातं उघडताना ‘जबाबदार व्यक्ती’ अशी एक चौकट होती. तिथे एका माणसाचा नंबर लागतो. साहेब म्हणाले, “बाई, सध्या तुमचाच टाका.” टाकला. तेव्हापासून जमलेले पैसे बँकेत वळते करायचे असले की परवलीचा आकडा माझ्या फोनवर येतो, दुसरीकडे कुठेही नाही. मी दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासून पडलेली असताना हिशेबनीस काकांचा फोन आला आहे. “मॅडम, आला का आकडा?” मी म्हटलं, “आँ.” ते म्हणाले, “आठ? आणि पुढे?” लेकीच्या शाळेत मी तिचं नाटक दाराबाहेरून ऐकलं, कारण आत फोनला रेंज नव्हती.

तिला आता मी फक्त फोनवरच पाहते. आमच्या घरातलं सामान उन्हाळ्यातच नव्या गावी गेलं. नवरा गेला, लेक गेली, कपाटं गेली. मी एका भाड्याच्या खोलीत, एक गादी आणि एक किटली घेऊन राहते. तिकडच्या प्रशिक्षण महाविद्यालयात मला पुन्हा शिकवायची जागा मिळाली आहे. त्यांनी रुजू होण्याची तारीख दोनदा वाढवली. तिसऱ्यांदा वाढवणार नाहीत, हे त्यांनी अत्यंत सभ्य भाषेत कळवलं आहे. उद्या सकाळी मी कार्यमुक्तीचं पत्र घेऊन तिथे हजर झाले नाही, तर ती जागा दुसऱ्या कोणाची. परवा लेकीने विचारलं, “आई, तू खरंच येणार आहेस, की आपण नुसतं म्हणतोय?” मला ते माहीतच नव्हतं.

ते पत्र तयार आहे. सही झालेली आहे. साहेबांच्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. खात्यावरचा नंबर बदलला की ते मला मिळेल. यात साहेबांचं काही चुकत नाही. नंबर न बदलता मी गेले तर कंपनीचे पैसे अडकतील. मग बदलत का नाही? मोबाइल कंपनीच्या मदत केंद्रातल्या मुलीला मी हेच विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, वाटेत एकही व्यवहार नसला की बदलाचं बटण आपोआप उघडेल.”

“आणि वाटेत एकही व्यवहार केव्हा नसतो?”

“ते तुमच्याकडच्या प्रवाशांवर आहे, मॅडम. आणखी काही मदत करू शकते का?”

आपल्याकडे वाटेत कोणी नाही अशी घटका येत नाही. मी पहाटे पाहिलं, भर दुपारी पाहिलं. कोणीतरी कुठेतरी तिकीट काढत असतंच. आपली सेवा इतकी लोकप्रिय आहे, याबद्दल मी आपलं अभिनंदन करते. उपाय एकच. आपल्या बाजूने खिडकी दहा मिनिटं बंद ठेवायची. नव्या मागण्या थांबतील, जुन्या निकालात निघतील. हे मी एका आज्ञेने करू शकते. पण परवानगीशिवाय करणार नाही, तशी माझी घडण नाही. आणि परवानगी मागितली की साहेब म्हणतात...

काय म्हणालात, साहेब? माइक देते. “कार्यक्रमानंतर बघू.” ऐकलंत? अगदी हेच म्हणतात. “आत्ता बुकिंगची वेळ आहे, दहा मिनिटांत माणूस शेजारच्या कंपनीच्या गाडीत जाऊन बसतो.” मान्य आहे. पण साहेब, बुकिंगची वेळ नसते तरी केव्हा?

हो, मोठ्या बाई, दहाच मिनिटं. भाषण? माझं भाषण हवं तितकं लांबू शकतं, त्याची काळजी नसावी. “मग करा बंद.” आभारी आहे. साहेब, आपणही एकदा मान हलवा, म्हणजे झपाट्याला कळेल. ती बघा दारापाशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आहे, माझी जागा घेणारी आमची नवी अभियंता. हिचे हात दिसत नाहीत, नुसता आवाज येतो, म्हणून झपाटा.

झाली बंद? वाटेत किती आहेत? सतरा. काउंटरवर रोख पैसे घेणं चालूच आहे, साहेब, आपण बसून घ्यावं.

नऊ. पाच. बोलायचं ठरवलेलं सगळं आता आठवेनासं झालं आहे, क्षमा करा. दोन.

एक. एकच आहे, आणि तो हलत नाही. काय करत असेल हा माणूस? गुप्त आकडा विसरला असेल. की घरी विचारत असेल, जाऊ ना नक्की? बाबा रे, जायचं तर जा, नसेल जायचं तर नको म्हण. काही तरी म्हण.

भरले? पैसे भरले त्याने? बरं झालं. बटण उघडलं का, झपाटा?

उघडलं.

आता नवा नंबर. साहेब म्हणताहेत, “झपाट्याचाच टाका, तिचंच काम आहे ते.” आणि ती हो म्हणते आहे. थांब ग. बोट काढ त्या कळेवरून. तू चोवीस वर्षांची आहेस. तुला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते: या चौकटीत एकदा गेलेला माणूस बाहेर कसा येतो, हे तू आत्ताच पाहिलंस. दर वेळी मोठ्या बाई समोर नसतील. ही चौकट प्रोग्राम लिहिणाऱ्याची नाही, कारभार पाहणाऱ्याची आहे. कंपनी स्वतःच्या नावाचा नंबर घेईपर्यंत तिथे ज्यांच्या शब्दावर खिडकी उघडते आणि बंद होते, त्यांचा नंबर हवा.

साहेब, आपला नंबर सांगता? मला माहीत आहे, मीच सांगू शकते. पण तो आपल्या तोंडून यायला हवा. नाही सांगितलात तर झपाटा खिडकी उघडेल, व्यवहार सुरू होतील, आणि मी माझ्या खोलीवर जाईन. तेही मी आज ठरवून आले आहे. हिला आत ढकलून मी बाहेर पडणार नाही.

मोठ्या बाई साहेबांकडे बघताहेत. कोणीच बोलू नका.

नऊ... आठ... सावकाश सांगा, साहेब, ती लिहून घेते आहे.

माझ्या फोनवर परवलीचा आकडा आला. हा तिला दाखवते, मोठ्याने वाचत नाही. झालं? साहेब, आपल्या खिशात आत्ता जो फोन वाजला, तो नंबर बदलल्याचा निरोप. तोच खिसा आहे, तर पत्रही काढावं, ही विनंती.

आभारी आहे. पत्र मिळालं.

अध्यक्षा, पाहुणे, साहेब आणि मित्रमैत्रिणींनो, आपण माझं एवढं ऐकून घेतलंत, सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. भाषणात व्यासपीठाचा मान राखताना कुठे तोल गेला असेल, तर तो शिकवणाऱ्याचा स्वभाव समजून पोटात घालावा. चहाला थांबत नाही, त्याचाही राग नसावा. माझी गाडी पावणेसातची आहे. झपाटा, खिडकी उघड. आणि पहिलं तिकीट माझं काढ.