शेडची सावली

अक्कलकोटच्या गाडीसाठी आम्ही सगळे लिंबाखाली उभे होतो. बसथांब्याची पत्र्याची शेड पलीकडं रिकामी होती. शेजारी दहावीतली एक मुलगी पुठ्ठ्याचं मॉडेल सांभाळत होती. सोबत तिची आत्या.

“दानेश्वरी, हे काय गं?”

“हाच थांबा. शाळेत आर्किटेक्ट मॅडम शिकवायला येतात ना. मी थांबा झाडाखाली आणलाय.”

“शेड हाय की बांधलेली.”

“दुपारनंतर तिची सावली रस्त्यावर पडते, आत्या. आपण कुठं उभे आहोत, बघ.”

“व्हय की. पण थांबे बांधणारे साहेब तुझं ऐकतील व्हय?”

“उद्या येणारेत मॉडेल बघायला. त्यांना शाळेच्या हॉलमध्ये, पंख्याखाली बसवायचं ठरलं होतं.”

“होतं म्हंजे?”

“मी मॅडमना जागा बदलायला लावली. आता दुपारी चार वाजता, त्या शेडमध्ये.”