वाऱ्याने नेलं तर

बोटीच्या तिकीट-खिडकीपुढे दोन माणसं, एक सर्फिंगची फळी आणि बारा चौरस मीटरचा पतंग होता. माणसं म्हणजे सासू आणि जावई. खिडकीतल्या कारकुनाने तिकिटं फाडायची थांबवून कान टवकारले.

“आई, पतंग धरून सर्फिंग करायला खाडीच बरी. पाणी कमरेएवढं.”

“तिथला वारा कुठे नेतो?”

“परत काठावर.”

“मग काय उपयोग? आणि इथून, धक्क्यावरून?”

“थेट समोरच्या बेटावर. मावशींच्या दारात! त्यापेक्षा बोटीने जा ना. ऑपरेशन झालंय त्यांचं.”

“ठाऊक आहे. पण आपणहून तिच्याकडे जाणार नाही म्हटलंय मी.”

“आणि हे?”

“वाऱ्याने नेलं तर मी आपणहून गेले का, जावईबापू?”

कारकुनाने खिडकीबाहेर वारामापक धरला. चौदा नॉट, बेटाच्या दिशेने.