आखूड बाही

देलिमा : मग तू वळलास कशाला, दादा?

ओनेझिम : मागून हाक आली, वळलो. माणूस वळतोच.

देलिमा : बोल्द्यूकांच्या जावयानं हाक मारली ती 'मिस्टर शॉर्टस्लीव्ह' अशी. चर्चच्या पायऱ्यांवर, अख्ख्या गावादेखत. त्या हाकेला ओ देणारं आपल्याकडे कोण आहे, म्हणून सगळे बघत होते. आणि वळलास तू. वर हॅट काढलीस.

ओनेझिम : हळू बोल. बाबा पलीकडेच बसलेत.

देलिमा : त्यांचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. आणि त्यांचा हात तुझ्या दंडावर होता. तू वळलास तसे तुझ्याबरोबर तेही वळले, बिचारे.

ओनेझिम : तो माझ्याच गिरणीत आहे. तिथं मला सगळे तसंच म्हणतात.

देलिमा : टोपणनाव पडलंय होय?

ओनेझिम : आडनाव. माझं, बायकोचं, मुलांचं. सीमेपलीकडे व्हरमाँटला गेलो त्याच वर्षापासून.

देलिमा : आणि आम्ही इथं मिस्सेला कूर्तमाँश म्हणून तुमच्या नावानं मेणबत्त्या लावतोय!

ओनेझिम : मुकादमाला आपलं फ्रेंच कूर्तमाँश म्हणता येईना. थुंकल्यासारखं काहीतरी करायचा आणि सगळं खातं हसायचं. एकदा वैतागून म्हणाला, अरे, याचा अर्थ तरी काय? माझं इंग्रजी ते केवढं! मी आपली सदऱ्याची बाही कोपरापर्यंत दुमडून दाखवली. तो म्हणाला, शॉर्ट स्लीव्ह. मी मान डोलावली.

देलिमा : झालं बारसं. अरे, रुआ म्हणजे राजा, तर रुआंचा आल्फेद तिकडे जाऊन किंग झाला. निदान राजाचा राजा तरी राहिला. तू शिंप्याकडची चिंधी झालास.

ओनेझिम : बोल, बोल. तेवढ्यासाठीच थांबलोय मी.

देलिमा : थांबू नकोस. आत सगळे खोळंबलेत. थोरल्यानं गुडघे टेकून बाबांकडे आशीर्वाद मागितल्याशिवाय या घरात नवं वर्ष लागत नाही.

ओनेझिम : यंदा अदेलारला मागू दे.

देलिमा : थोरला हयात असताना धाकटा कधी मागतो, ठाऊक आहे ना? थोरला घराला मेला की. असं करू नकोस, दादा. डॉक्टर म्हणालाय, पुढचा नाताळ काही बाबा बघत नाहीत.

ओनेझिम : कोणत्या तोंडानं मागू, देलिमा? कूर्तमाँश घराण्याचा थोरला म्हणून मागायचा असतो तो.

(काठी टेकत बाबा दारात येतात.)

बाबा : तूर्तिएर करपतेय, पोरी. भट्टीकडे बघ. ओनेझिम, तो तुला काय म्हणाला?

ओनेझिम : आपलंच नाव, बाबा. इंग्रजीत.

बाबा : म्हणजे आखूड बाही.

ओनेझिम : हो.

बाबा : माझ्या पणजोबाचा पणजोबा एका हातानं लुळा. आईनं त्या बाजूची बाही आखूड शिवली, तिकडे जुन्या मुलखात, पोआतूत, पोरं हसली आणि नाव पडलं. तेच घेऊन तो समुद्र ओलांडून आला. या नदीकाठी एका हातानं झाडं तोडली त्यानं, ते नाव लपवलं नाही. तुझे तर दोन्ही हात धड.

ओनेझिम : हो, बाबा.

बाबा : मुलांना हे सांगितलंस?

ओनेझिम : नाही.

बाबा : त्यांनी विचारलं नाही?

ओनेझिम : धाकट्यानं विचारलं. शाळेत त्याची बाही ओढून चिडवतात. रडत आला आणि म्हणाला, पप्पा, आपलं असलं नाव कुठून आलं?

बाबा : मग?

ओनेझिम : मी म्हणालो, मला ठाऊक नाही.

देलिमा : अरे देवा.

ओनेझिम : सांगायला गेलो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं. आधी मला या नावाची लाज वाटायची, आता त्या नावाची वाटते. कुठलंच घेववत नाही.

बाबा : आणि मी दर वर्षी म्हणत आलो, देवा, तिकडच्या माझ्या कूर्तमाँश लेकरांना सांभाळ. तिकडे त्या नावाचं कोणी नव्हतंच म्हण की.

ओनेझिम : बाबा, माफ करा.

बाबा : ते मागाहून बघू. आधी ते नाव मला नीट म्हणून दाखव. यंदा देवाला चुकीचा पत्ता द्यायला नको.

ओनेझिम : नको, बाबा.

बाबा : म्हण. नातवंडं आहेत माझी.

ओनेझिम : शॉर्ट... नाही जमत. या घरात ते तोंडातून निघत नाही.

बाबा : बरं. टेक गुडघे. मी जमेल तसं म्हणतो.