सांबाराच्या बियाण्याची ऑर्डर

...नाही नाही, तुम्ही हसू नका, आधी ऐका! हरणाले पाणी टाका म्हणे! रोज सकाळी, मुळाशी, हळूहळू! अवं बाई, फायबरचं हरण हाय ते, त्याले मूळ कुठून आणू मी? तुम्हाले सांगतो, माणसानं डोकं आपटावं तं कुठं आपटावं? अन् माझं मागणं काय होतं? मले फक्त सांबार पाह्यजे होता!

आता तुमच्यात कोणी पुण्या-मुंबईकडचं असंन तं सांगून टाकतो, आमच्या नागपुरात सांबार म्हंजे कोथिंबीर. पोह्यावर टाकतो तो सांबार, ज्याची सांबारवडी करतो तो सांबार. इडलीसोबत वाटीत येते ते पातळ वेगळं, त्याच्याशी आपलं काही भांडण नाही... म्हंजे तेव्हा नव्हतं!

झालं काय, माझी आई, तुळसाबाई, तिचं सारं आयुष्य गेलं खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये. बाबा पॉवर हाऊसले होते. क्वार्टरच्या मागं आईचं अंगण, त्याच्यात वांगे, मिरच्या अन् सांबार. चिमणीची राख पडायची पानावर, आई पदरानं झटकायची अन् तोडून आणायची. बाबा गेले, मी म्हन्लं मी मोठा, आई माझ्याकडं नागपुरात, बेस्याले राहीन. आमची फ्लॅट स्कीम चांगली, लिफ्ट हाय, गॅलरी हाय, खाली वॉचमन हाय. पण आई गॅलरीत बसून निस्ती समोरच्या बांधकामाकडं पाहून राहायची. "धम्मा, इथं हाताले मातीच लागत नाही गा." मी काही मनावर घेतलं नाही. अन् एक दिवस पाहतो तं पलंगाखाली पिशवी भरलेली! "दिवाळी झाली का मी रोशनकडं चालली." रोशन म्हंजे माझा लहान भाऊ, तिकडंच राहते, खापरखेड्याले. त्याच्याकडं अंगण हाय.

तुम्हाले सांगतो, लहान भाऊ अंगण दाखवून आईले घेऊन चालला? म्हंजे मी कोण? मी म्हन्लं, "आई, थांब. ह्या सीझनले गच्चीवर बगीचा करून देतो. बोल, काय लावू?"

आई म्हणे, "मले काई नको. दोन कुंड्या सांबार लाव. किराण्यातले धने आन, रगड, अन् टाक. झालं."

किराण्यातले धणे! आता मी बुटीबोरीले कापडाच्या कंपनीत क्वालिटीले हाय हो, मी किराण्यातले धणे टाकीन? म्हन्लं, "आई, जमाना कुठं गेला! मोबाईलवर ॲप हाय, सर्टिफाइड बियाणं घरपोच येते, उगवायची गॅरंटी, वरून मातीही तेच पाठवतात." आई म्हणे, "माती पाठवतात?" अन् अशी पाहली माझ्याकडं जसा काही मी हवा विकत घेऊन राहिलो.

माती काय आली? वीट आली. नारळाच्या भुशाची वाळलेली वीट. सोनिका, म्हंजे आमची बायको, तिनं बाथरूममधल्या बादलीत ती वीट टाकली, वरून पाणी टाकलं, अन् ते फुगलं, फुगलं, फुगलं, बादलीच्या बाहेर आलं, मोरीत गेलं... मी आंघोळीले गेलो तं पाय घोट्याइतका बगीच्यात! पण म्हन्लं चालते, सुरुवात झाली. गच्चीच्या कोपऱ्यात ॲपवाल्यांच्याच, झाडं लावायच्या कापडी पिशव्या मांडल्या, भुसा भरला, आता बी पाह्यजे. ॲपवर लिहिलं: सांबार.

लगेच चित्र आलं! हिरवंगार गवत, मागं झाडं, खाली लिहिलेलं, 'सांबर, बगीच्याची शोभा वाढवा.' चष्मा नव्हता डोळ्यावर. मले वाटलं गवत म्हंजेच ते! दाबलं बटण.

अन् मंग तो डब्बा आला. लिफ्टमध्ये मावेना! वॉचमन अन् मी दोघांनी जिन्यानं गच्चीवर नेला, म्हन्लं बियाण्याचा एवढा डब्बा म्हंजे काय शेती करतो का आपण? उघडला... तं आतून शिंगं निघाली! सांबर! जंगलातलं! चांगलं माझ्या छातीइतकं, मान वळवून पाहून राहिलं, जसं काही मीच त्याच्या घरात घुसलो!

आई वर आली. पाहलं. निस्तं म्हणे, "हे खाईन काय?" अन् खाली गेली.

सोनिका म्हणे, "अहो, धनिया लिहा ना सरळ." काहून? काहून लिहू मी धनिया? आमच्या सांबाराले आम्ही सांबारच म्हणू! अन् लावला फोन कस्टमर केअरले. तिकडून इतका गोड आवाज, "नमस्कार सर, मैं काजल, आपके पौधे की सहेली!"

म्हन्लं, "मॅडम, वो हिरन वापस लो." ती टकटक टकटक करून पाहून राहिली, अन् म्हणे, "सर, सिस्टम में ये लाइव प्लांट दिखा रहा है. लाइव प्लांट तुरंत रिटर्न नहीं होता." म्हन्लं, "मॅडम, हिरन है!" "जी सर. क्या उसको धूप मिल रही है?" "हिरन है वो! सींग है उसको!" "सर, नई जगह है ना, शुरू में थोड़ा मुरझाएगा." मुरझाएगा! तुम्हीच सांगा, फायबर कसं कोमेजीन?

मंग नियम काय निघाला? रोज सकाळी त्याले पाणी टाकायचं, पाणी टाकतानाचा व्हिडिओ ॲपवर चढवायचा. पुरती काळजी घेऊनही पौधा सुधारला नाही, हे सिद्ध झालं का मंगच रिटर्न! मी म्हन्लं, "पण मले फक्त सांबार पाह्यजे होता! हिरन नहीं, वो जो खाते हैं ना, वो सांबार!" तशी ती इतकी खूश झाली, "ओह, खाने वाला सांबार! सॉरी सर! अभी भेजती हूँ!" मी म्हन्लं, चला, पोरगी समजदार निघाली.

तेव्हापासून माझी सकाळ कशी? ऑफिसच्या बसच्या आधी गच्चीवर जायचं, मोबाईल टाकीले टेकवायचा, अन् हरणाले आंघोळ घालायची. पाठीवरून, शिंगावरून, मुळाशी म्हंजे खुराशी! आमचे सेक्रेटरी मधुकरराव गच्चीवर फिरायले येतात. पहिल्या दिवशी पाहून गेले. दुसऱ्या दिवशी म्हणे, "धम्मानंदजी, तब्येत बरी हाय ना?" अन् तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कागद, 'गच्चीवर पाळीव प्राणी ठेवू नयेत.' म्हन्लं, "मधुकरराव, फायबर हाय ते!" म्हणे, "मंग आंघोळ काहून घालता?"

आला मंग दुसरा डब्बा. हलका, हातात मावणारा. वास आला तसं मी ओरडलोच, "आई! धणे! आलं बियाणं!" आईच्या चेहऱ्यावर, खरं सांगतो, किती दिवसांनी हसू आलं. आम्ही तिघंही गच्चीवर गेलो. मी डब्बा उघडला... आत तुरीची डाळ. लाल मिरच्या. मोहरी, मेथी, धणे, सारं कच्चं, सारं मिसळलेलं. वर लिहिलेलं, 'दक्षिणी सांबार. घरी भाजा, घरी कुटा, घरी खा.'

आई बसली गच्चीच्या कठड्यापाशी. रागावली असती ना तं बरं झालं असतं. पण तिचा आवाजच बारीक झाला. म्हणे, "धम्मा, मी दोन कुंड्या मांगतल्या होत्या गा. तुले द्यायचंच नाही तं तसं सांग." अन् उठली, माझ्या हातातून तो डब्बा घेतला, अन् हरणाच्या पायाशी ज्या पिशव्या होत्या ना, त्याच्यात सारा उलटा केला! "हे घे तुझा सांबार!" गेली खाली. पलंगाखालच्या पिशवीत अजून दोन लुगडे भरले.

मी काय करू? गच्चीचं तोंड पाहू वाटे ना. पण रिटर्न पाह्यजे ना! म्हणून खालच्या मानेनं रोज जायचं, हरणाले आंघोळ घालायची, यायचं. पिशव्यांकडं पाहलंच नाही मी. पाणी कुठं जाऊन राहिलं, कोणाले पडलं होतं?

दिवाळी झाली. रोशन गाडी घेऊन दारात. आई तयार. सोनिका डोळे पुसून राहिली. आई म्हणे, "धम्मानं गच्चीवर माझं लुगडं वाळू घातलं, तेवढं आनते."

गेली ते गेली. येईचना. आम्ही घाबरून वर पळालो, तं आई हरणाच्या पायाशी उकिडवी बसलेली, अन् पिशव्या हिरव्यागार! मेथी वितभर, मोहरी तिच्याही वर, मिरचीचे बारीक कोंब, अन् साऱ्याच्या मधात सांबार! रोशन म्हणे, "चल आई, उशीर होऊन राहिला." आई त्याच्याकडं पाहेचना. हातानं एक-एक काडी सरळ करे अन् म्हणे, "मी कशी येऊ गा? हे आता कुठं जमिनीबाहेर आले. ह्यांच्याजवळ कोन राहीन? हा धम्मा? हा तं हरनाले आंघोळ घालते!" नखात तो ओला भुसा, मातीसारखाच, अन् बाई हसून राहिली!

आईची पलंगाखालची पिशवी रिकामी झाली. रोशन एकटाच गेला. मी जिंकलो! म्हन्लं चला, मले फक्त सांबार पाह्यजे होता, भेटला! दुसऱ्या दिवशी सोनिका पोहे करून राहिली, मी ऐटीत गच्चीवर गेलो, हात पुढं केला... "हात नको लावू! कोवळा हाय अजून!" बरं. आठवड्यानं गेलो. "थांब ना, पसरू दे." मंग गेलो तं म्हणे, "आता बी धरू दे, पुढच्या सीझनले लागंन."

मंग मी काय करतो? ऑफिसहून येता-येता बेसा चौकात गाडी थांबवतो, सांबाराची जुडी घेतो, शर्टाखाली लपवून घरात आणतो. काल सापडलो! आईनं जुडी हातात धरली, माझ्याकडं पाहलं अन् म्हणे,

"काहून गा धम्मा? गच्चीवर एवढा सांबार असून विकतचा आनते? तुले काही घरची किंमतच नाही!"