बियांचा डबा

पद्मावती : दोन्ही ओठांना एकदम चावली? अशी कसली मुंगी ती, काकी?

यशोदा : तांबडी गे. आंब्यार आसतत ती. माका काय विचारतंस, मुंगयेक विचार.

पद्मावती : सकाळी मी पेडण्याला मीटिंगला गेले तेव्हा सगुण नाचत होता. आता येते तर बाकीची पोरं घरी गेलेली, आणि ह्याचे ओठ पावासारखे फुगलेले. बालवाडीची बाई मी. त्याच्या आईला काय सांगू? मुंगी?

यशोदा : हळू बोल. आताच निजलो. साबणान धुवन खोबरेल लावलंय, थोडो थंडावलो.

पद्मावती : त्याची बोटं बघ. काळी पडलीत. मुंगी चावून बोटं काळी होतात? कोरगावात जन्मले मी. काजूच्या सालीचं भाजणारं तेल मला ओळखता येत नाही होय?

यशोदा : तू आदी पाणी पी. उन्हातून इलंस.

पद्मावती : काकी.

यशोदा : बी चावल्यान त्येना. कच्ची. डब्यातली.

पद्मावती : कुठल्या डब्यातली?

यशोदा : आपल्याच. पोरां डोंगरातल्या वाटेन खिसे भरून काजूच्यो बियो आणतत. दारातच खिसे झाडून मी त्यो डब्यात घालतंय, घरी जाताना ज्येच्यो त्येका परत.

पद्मावती : आणि डबा वरच्या फळीवर. आपलं ठरलंय तसं. साडेतीन वर्षांचा पोर फळीपर्यंत पोचला कसा?

यशोदा : डबो वयर नव्हतो. खिडकीत होतो.

पद्मावती : आजच?

यशोदा : पंधरा दीस झाले.

पद्मावती : पंधरा दिवस! अगं, का पण?

यशोदा : ह्यो उजवो खांदो वर जायना. तू आसलंस काय दात खावन हात वर करतंय. तू नसलंस काय डबो खिडकीत.

पद्मावती : मग मला सांगायचं नाही?

यशोदा : सांगून? तू सुपरवायझरबाईक सांगतलंस. ती म्हणतली, मदतनीस म्हातारी झाली, घराक बसू दे तिका. माझ्या घराकडे कोण आसा गे? चार भिंती आणि एक मांजर. हंय अठरा पोरां आसत.

पद्मावती : मी असं होऊ देईन तुझं? देवळाच्या ह्याच अग्रशाळेत, ह्याच बालवाडीत तू मला मऊ भाताची खिमटी भरवलीस. मी पोर होते तेव्हा तू होतीस, मी बाई होऊन आले तरी तू आहेस.

यशोदा : म्हणून तर भियालंय. 'काकी, आता पुरे' असा तुझ्या तोंडातून आयकूक नको होता.

पद्मावती : रडू नकोस. इकडे बघ. मी पण एक सांगते, जे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या श्रावणात मी दाराला कुलूप घालून बसथांब्यापर्यंत गेले आणि बारका गोकुळदास आत राहिलेला. चटयांच्या मागे निजला होता. मी रजिस्टरातली नावं मोजली, डोकी मोजली नाहीत.

यशोदा : माका म्हायत आसा ता.

पद्मावती : काय?

यशोदा : चपला हातात घेऊन तू परत धावत इलंस, ता मी तळ्याकडसून बघलंय. बाईमाणूस उगाच असा धावता काय? कळला माका.

पद्मावती : आणि एक शब्द बोलली नाहीस?

यशोदा : कित्याक बोलू? आपल्या चेडवाचा नाव आपणच खराब करूचा?

पद्मावती : बघ, काय करून बसलो आपण. तू माझ्या मायेपोटी गप्प, मी भीतीपोटी गप्प. तेव्हा चार शब्द सुनावले असतेस, तर दुसऱ्या दिवसापासून आपण दोघींनी दारात उभं राहून डोकी मोजली असती. मी एकटीच घाबरून मोजत होते. आठ दिवस मोजली, मग राहून गेलं.

यशोदा : माका वाटला, माझा चुकला नाय ह्यात.

पद्मावती : मलाही माझ्यापुरतं तसंच वाटत होतं. ते जाऊ दे. सगुणला काय सांगून ठेवलंयस? आई विचारेल तेव्हा तो काय म्हणणार?

यशोदा : सांगलंय त्येका... मुंगी चावली म्हण. बी म्हणलंस तर आवस मारतली.

पद्मावती : काकी, खांद्याचं मी समजू शकते. हे नाही समजू शकत. राग आलाय मला तुझा, खरंच आलाय. दुखलं तरी बोलायचं नाही, असं शिकवलंस त्याला. उद्या दुसरं काही झालं तर तो येईल का तुझ्याकडे सांगायला?

यशोदा : नाय येवचो.

पद्मावती : जागा झालाय बघ. तूच बोल त्याच्याशी.

यशोदा : सगुणा, ये रे राजा, मांडयेर बस. आजयेन तुका खोटा सांगलंय. मुंगी बिंगी काय नव्हती. डबो मी खाली ठेवलंय. चूक माझी, तुझी नाय. आता काय काय झाला ता माका सांग.

सगुण : तू मारतलंस?

यशोदा : नाय रे.

सगुण : बाई?

पद्मावती : बाई पण नाही.

सगुण : एक बी मी खाल्लंय. कडू होती. भाजला.

यशोदा : आणि?

सगुण : आणि एक गंगाक दिलंय. ती घराक जाऊन खातली.

पद्मावती : गंगा! काकी, गंगा कधी गेली?

यशोदा : तू येवच्या वायच आदी गे, तिच्या आजयेवांगडा. धाव तू! ती म्हातारी वाटेर बोलत रवता, गावतली. धाव!

(पद्मावती पळत जाते. बऱ्याच वेळाने धापा टाकत परत येते.)

यशोदा : गावली?

पद्मावती : फ्रॉकच्या खिशातून काढून दातांत धरणारच होती. हात धरला मी. आजी म्हणते, 'काय गे बाये, एका बियेसाठी इतक्या धावूचा?'

यशोदा : रवळनाथा, राखलंस रे बाबा!

पद्मावती : सगुणने पण राखलं हो. तो बोलला म्हणून.

यशोदा : आणि त्येका मी गप रव म्हणलंय.

पद्मावती : ते रजिस्टर दे. लिहिते. फळी उंच होती. मदतनीसबाईचा खांदा दुखत होता. सेविकेने पंधरा दिवसांत विचारलं नाही, आणि अठरा मुलं तिच्या एकटीवर टाकून मीटिंगला गेली.

यशोदा : तुझा कित्याक लिवतंस? माझा लिव, पुरे.

पद्मावती : माझंही खरं आहे ना? उद्या जयराम सुताराकडून कडीचं कपाट करून घेऊ. तुझ्या हाताला येईल, पोरांच्या येणार नाही. आणि खांदा दाखवायचा डॉक्टरला, काही बोलायचं नाही.

यशोदा : आणि माका काढून टाकल्यानी तर?

पद्मावती : मी भांडेन तुझ्यासाठी. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. उगाच धीर देत नाही तुला.

यशोदा : नको देव. असाच सांग माका.

पद्मावती : ती बघ, सगुणची आई आली, कमल, त्याला न्यायला. तिला घेऊन आधी दवाखान्यात जाऊ. तू बस, मी बोलते तिच्याशी.

यशोदा : नाय गे. तू मागे रव. ...कमल, ये, आत ये. भियाव नको, झील तुझो बरो आसा. पण ओठ भाजलेत त्येचे, माझ्या चुकीन. बस हंय. पयल्यापासून सांगतंय.