खण-नारळ

सत्काराला नाही म्हणणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, पण हे ऐका. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. पंचवटीत एक म्हातारे नट राहायचे. तरुणपणी नाटकात बायकांची कामं करायचे. आमच्या मंडळातर्फे त्यांना शाल आणि रीतीप्रमाणे त्यांच्या बायकोला खण-नारळ घेऊन मी आणि ही त्यांचा जिना चढलो.

दार उघडलं ते डोक्यावरून पदर घेतलेल्या नऊवारीतल्या म्हातारीनं.

“हे घरात नाहीत. आणि सत्कार-बित्कार त्यांना आवडत नाही हो.”

मग हिनं निदान तिला कुंकू लावून ओटी भरली. म्हातारीचे डोळे भरून आले.

खाली घरमालक भेटले. “त्यांच्या बायकोची ओटी भरून आलो,” ही म्हणाली.

“बायकोची? ती कधीच वारली! एकटेच असतात ते.”

मग ओटी भरली ती कुणाची? हिला तर दरदरून घाम फुटला. तसेच उलटे वर धावलो.

दारात तीच नऊवारी. पदर मात्र खांद्यावर घसरलेला, वर चकचकीत टक्कल, आणि कपाळावर हिनंच लावलेलं कुंकू.

“अहो, हे काय?” मी ओरडलोच.

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. नारळ पोटाशी धरून ते हिला म्हणाले, “शाल घेऊन जा, पोरी. जन्मभर बाई झालो, पण ओटी आज पहिल्यांदा भरली कुणी.”