पान एकशे बारा

शाश्वत नगररचना — नाही, नाही, मी वाचत नाहीये, अक्षरं मोजतोय. पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी ठसा मारायचा ना, मग मोजावी लागतात, एवढं लांबलचक नाव त्या चिंचोळ्या पाठीवर बसायचं नाही. पदव्युत्तरचा प्रबंध ना हा? वाटलंच. माझ्या लेकीचाही हाच विषय — दोन वर्षं झाली. तिच्या पाच प्रती मीच बांधल्या, ह्याच टेबलावर, आणि तिचं नाव ठसवताना नावच बघत राहिलो नि एका प्रतीवर वेलांटी वाकडी गेली. राहू द्या बाबा, म्हणाली, तुमचं काम ओळखू येईल. वाचला का? छे. बाइंडर वाचत नसतो. खालच्या कोपऱ्यातला आकडा बघायचा नि पान उलटायचं. चौतीस वर्षांत एक पान इकडचं तिकडे नाही. वाचायला लागलो तर खळ वाळेल की हो. बसा, ते स्टूल घ्या — डुगडुगतं जरा.

दारावरची पालिकेची नोटीस बघितलीत ना? येताना सगळेच बघतात. गल्लीतली सात दुकानं महिनाअखेर उठायची. इथे झाडं येणार, सायकलींची वाट, बाकं. चांगलंच आहे, झाडं कोणाला नको असतात? नोटीस आली तेव्हा लेक माझ्याहून जास्त भडकली — असं कसं उठवतील बाबा, मी अर्ज लिहिते. लिहिला की. मोत्यासारखं अक्षर. मी सही केली. आणि परवा तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयाचा शिपाई तिची एक प्रत घेऊन आला — म्हणे पाठ मोडली, पालिकेच्या माणसांनी झेरॉक्स काढताना दाबून दाबून मोडली. माझी बांधणी, आणि मोडली — आधी मला तेच लागलं. टेबलावर ठेवली तर आपसूक उघडली. जिथे जास्त दाबतात तिथेच उघडतं पुस्तक. पान एकशे बारा. आपलीच गल्ली, वरून बघितल्यासारखी काढलेली. माझ्या दुकानाच्या जागी एक हिरवा गोल — म्हणजे झाड. आणि खाली — उत्तरदाता क्रमांक नऊ, पुरुष, वय एकसष्ट, व्यवसाय बाइंडिंग, जागा स्वेच्छेने सोडण्यास तयार.

स्वेच्छेने. — आता खोटं तरी कसं म्हणू? बोललो होतो मी. जेवताना बोललो होतो, एकदा नाही, दहादा — तुझं शिक्षण होऊ दे, मग दुकानाला टाळं लावतो नि पाय पसरून बसतो बघ. बाप बोलतो असं. पोरीनं मन लावून शिकावं, बापाकडे बघून तिचा जीव तुटू नये, म्हणून बोलतो. तुमचे वडील नाही बोलत? — बोलतात ना. ते काय लिहून घ्यायचं असतं? बरं, लिहिलं तर लिहिलं, 'माझे वडील' असं तरी लिही. नऊ नंबर काय? आभाराच्या पानावर सर आहेत, मैत्रिणी आहेत, कॅन्टीनवाला आहे, शेवटी 'सर्व उत्तरदाते' — त्यात मी आलोच म्हणा. तेही सोडा. पण अर्ज लिहिताना इथे, तुम्ही बसलात ना, त्याच स्टुलावर बसून, मान खाली घालून लिहीत होती, आणि ती नोटीस कुठल्या पानातून निघालीय हे तिला ठाऊक होतं हो. केसानं गळा कापला माझा. पोटच्या पोरीनं.

ती प्रत? दिली की बांधून. नाही — पातं हातात घेतलं होतं, तुमच्यापाशी कशाला लपवू. एक पान कापलं तर कोणाला कळलं असतं? पण मिटून बघितलं तर पाठीवर ती वाकडी वेलांटी. नेमकी तीच प्रत. मग दुहेरी दोरा घातला. आता सगळं पुस्तक सुटेल, ते पान सुटायचं नाही. तिला बोललो नाही काही. रोज विचारते, बाबा, अर्जाचं काही कळलं का — मी म्हणतो, नाही गं अजून. ती म्हणते, कळेल. असे आम्ही दोघं रोज —

ये, ये गं. डबा ठेव तिकडे. — ही माझी लेक. हो, तुमच्याच विषयाची. — बरं, मग सोमवारी न्या. 'शाश्वत' वरच्या ओळीत घेतो, बाकीचं खाली. नाही हो, सांगितलं ना मघाशी, मी आकडे तेवढे बघतो. वाचत काही नाही. निघा तुम्ही.